करकचून

आवाजांना नावे देण्यात मराठी भाषेचा हात कोणी धरणार नाही, आणि आवाजांना नावे ठेवण्यात मराठी माणसाचा. पाणी खळखळते, पाने सळसळतात, जाते घरघरते, नवी वहाण करकरते, दार कुरकुरते. रातकिडा किरकिरतो आणि घरातले लहान मूल किरकिरते ते निराळे. गेली वीस-बावीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असल्यामुळे ही संपत्ती मुलांपुढे ओतताना मला नेहमीच उमाळा येतो. परंतु मोटारीच्या ब्रेकपाशी आलो की ही श्रीमंती एकदम आटते. ब्रेकला आपल्याकडे एकच क्रियाविशेषण आहे : करकचून. ‘मी पाहिलेला अपघात’ या निबंधात मोटार कोणतीही असो, रस्ता कोणताही असो, ड्रायव्हर शेवटी करकचूनच ब्रेक दाबतो.

मूळचा हा शब्द गाठीचा. बैलगाडीवरचा कडबा करकचून बांधावा, बाजल्याची सुंभे करकचून आवळावीत. दोर ताणताना हाताला जाणवणारा दाब आणि कानाला ऐकू येणारी करकर, ही दोन्ही त्या एका शब्दात बसली आहेत. मोटार आली तेव्हा कोणा अनाम मराठी माणसाने हा दोरखंडाचा शब्द उचलून ब्रेकला लावला, आणि तो असा चपखल बसला की आता गाठीपेक्षा ब्रेकचाच झाला. दाब आणि आवाज ही ब्रेकमध्ये एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, हे विद्वानांना पटायला बराच काळ लागला. पण तो मागाहून सांगतो.

माझा भाचा चाकणजवळच्या एका कारखान्यात इंजिनीयर आहे. त्याच्या धंद्यात मात्र या आवाजांची अख्खी बाराखडी आहे. उंच पट्टीतली, कानात सुई खुपसावी तशी येणारी ती ‘स्क्वील’. सिग्नलपाशी मोटार मुंगीच्या पावलांनी सरकत असताना खालून येतो तो ‘ग्रोन’. भर वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते आणि पावलाखालचे पेडल हुडहुडी भरल्यासारखे उडते, तो ‘जडर’. शिवाय ‘मोन’ आहे, ‘हम’ आहे, आणि तारेच्या ब्रशने भांडे घासल्यासारखा येणारा म्हणून ‘वायर ब्रश’ही आहे. “मामा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक, याला शब्द द्या बघू,” असे त्याने मला एकदा आव्हान दिले. मी किंचाळी, कण्हणे, विव्हळणे, हुंकार, थरकाप अशी यादी करून दिली. ती वाचून तो म्हणाला, “मामा, हे सगळे दवाखान्यातले शब्द आहेत.” पुढे आमच्या घरात जे घडले ते पाहता ती थट्टा फारच खरी ठरली.

त्याचे काम ऐकाल तर नवल कराल. मोटार अजून कागदावरच असते. ब्रेक ओतलेला नसतो. अशा वेळी तो ब्रेक पुढे रस्त्यावर आल्यावर किंचाळेल की नाही, आणि किंचाळलाच तर कोणत्या पट्टीत, याचे भविष्य हा मुलगा वर्तवतो. आमच्या घराण्यात ज्योतिषी कधी कोणी झाला नव्हता. हा पहिलाच, आणि तोही बोलून-चालून सरकारमान्य पदवी घेतलेला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा आवाजासाठी एवढा खटाटोप कशाला? मलाही तसेच वाटे. विशेष म्हणजे किंचाळणारा ब्रेक बहुधा अगदी चांगला लागत असतो. त्याने गाडी थांबण्यात काही उणे पडत नाही. परंतु नवी कोरी मोटार घेऊन सोसायटीच्या फाटकातून शिरताना चाकाने किंकाळी फोडली की मालकाला वाटते, आपण फसलो. तो तडक दुकानात जातो, हमीचा कागद पुढे करतो, आणि कारखान्याला फुकटात पॅड बदलून द्यावे लागतात. माझ्या एका सहकाऱ्याची गाडी याच दुखण्यासाठी दुकानाच्या तीन वाऱ्या करून आली. प्रत्येक वेळी मेकॅनिक शेजारी बसला की गाडी मुकी! डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवताच ज्याची दाढ थांबते त्या रोग्यासारखी. आणि मेकॅनिक उतरून गेला की फाटकाबाहेर पहिल्याच वळणावर पुन्हा तीच किंकाळी. सहकाऱ्याची अशी समजूत झाली की ते लोक आपल्याला वेडे ठरवीत आहेत. भाच्याचे म्हणणे असे, की दोघेही खरे बोलत होते. थंड दमट सकाळी वाजणारा ब्रेक तापल्यावर गप्प बसतो. दाब थोडा वाढला की गप्प, पॅड थोडे झिजले की गप्प, आणि कधी याच्या बरोबर उलट. अशा लहरी प्राण्याचे भविष्य सांगायचे आहे.

ही तक्रार मोटारीइतकीच जुनी. १८८८ साली बर्था बेंझ या बाईने नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्ट्झहाइमपर्यंत नेली. तो पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाईने चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. पहिले ब्रेक-लायनर ते हे! पुढे इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्कब्रेकचे पेटंट घेतले. त्यात धातूवर धातू घासे आणि त्याची किंकाळी इतकी भयंकर असे की ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारे येत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने अॅस्बेस्टॉसचे अस्तर पुढे आणले तेव्हा कुठे कानांना विसावा मिळाला. त्या विसाव्याची किंमत काय होती हे फार उशिरा कळले. अॅस्बेस्टॉसच्या धुळीने माणसांची फुप्फुसे पोखरली आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. मग तांब्याचे तंतू आले. ते बिचारे माणसाला निरुपद्रवी, पण रस्त्यावर पडलेली त्यांची पूड पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत उतरते आणि माशांना बाधते. म्हणून अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली कायदे करून पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने जवळजवळ हद्दपार करायचे ठरवले. दर वेळी घासणारा पदार्थ बदलतो आणि दर वेळी जुनी किंचाळी नव्या सुरात परत येते, असे भाचा म्हणतो, आणि यात त्याच्या नोकरीची शाश्वती आहे हे तो लपवीत नाही.

आता ही किंचाळी येते कुठून? इथे मला माझ्या व्यवसायाचा उपयोग झाला. खडूचा. नवा लांब खडू फळ्यावर जवळजवळ उभा धरून पुढे ढकलला की तो असा चिरकतो की मागच्या बाकावर झोपलेला विद्यार्थीही जागा होतो. (अभ्यासक्रमातल्या कित्येक पाठांना हे साधलेले नाही.) तोच खडू तिरका करून ओढत लिहिला की मुकाट लिहितो. मोडून अर्धा केला तरी बहुतेक वेळा शांत होतो. खडू तोच, फळा तोच, घर्षण तेच. मग फरक पडला कुठे? मी भाच्याला हे सहज बोलून दाखवले, तर तो खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, “मामा, तुम्ही साठ वर्षांचा इतिहास एका खडूत सांगितलात.”

तो इतिहास असा. पूर्वीचे लोक म्हणत, दोष घर्षणाचा. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार गजाला चिकटून थोडी ओढली जाते, ताण असह्य झाला की निसटून मागे येते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे चिकटणे-निसटणे चालते आणि आपण त्याला ‘षड्ज’ म्हणतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात तारेची ही चाल टिपली, आणि आपल्या चंद्रशेखर रामन यांनी कलकत्त्यात १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांवर मोठा प्रबंध लिहिला. पुढे तर त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच तयार केले. नोबेल पारितोषिकाचे रामन सर्वांना ठाऊक असतात, व्हायोलिनचे रामन फारसे कोणाला माहीत नसतात, म्हणून मुद्दाम सांगितले. तर ब्रेक ही अशीच एक बिघडलेली सारंगी, आणि वेग वाढताना घर्षण कमी होणारा पदार्थ वापरला की ती वाजणार, असा १९३० च्या दशकातला समज होता. तसा पदार्थ टाळा, सुटलात!

लोकांनी टाळला, पण सुटले नाहीत. घर्षण अगदी एकसारखे राहणारे पदार्थही किंचाळू लागले. मग १९६१ च्या सुमारास स्पर नावाच्या संशोधकाने जवळजवळ माझ्या खडूचाच सिद्धांत मांडला. घासणारी वस्तू कोणत्या कोनात टेकली आहे त्यावर सगळे आहे, असे तो म्हणाला. अमुक कोनात ती रुतते, रुतली की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढते, त्याने आणखी रुतते. अखेर वाकून सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दोष एकट्या घर्षणाचा नव्हे, बैठकीचा.

आणि १९७० नंतर जे कळले ते तर एखाद्या कौटुंबिक कादंबरीत शोभावे असे आहे. ब्रेकची डिस्क म्हणजे बिडाची एक जाड थाळी. कोणत्याही थाळीला आपले म्हणून काही सूर असतात. क्लाड्नी या जर्मन गृहस्थाने १७८७ साली धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेला व्हायोलिनचा गज घासला, तर वाळूची सुरेख रांगोळी उमटली. पत्रा कुठे हलतो आणि कुठे स्थिर राहतो याचा तो नकाशाच. किंचाळणारी डिस्कही अशीच पाकळ्यापाकळ्यांनी थरथरते. एक पाकळी आत, शेजारची बाहेर. हे थरथरणे केसाच्या जाडीचा एक अल्पसा अंश. डोळ्यांना काही दिसत नाही, ते पाहायला लेसरचे किरण लावावे लागतात. पण सेकंदाला हजार ते सोळा हजार वेळा चाललेल्या त्या थरथरीने गल्ली दणाणते.

आता डिस्कला जसे स्वतःचे सूर तसे पॅडला आहेत, पॅड धरणाऱ्या कॅलिपरलाही आहेत. एकेकटे असताना सगळे सभ्य. पण त्यातल्या दोघांचे सूर एकमेकांच्या जवळ असले आणि मध्ये घर्षण आले, की ते दोन सूर हळूहळू सरकत एकत्र येतात आणि एकच होतात. मंगळागौरीत दोन मुली फुगडी धरतात तसे. एकटी मुलगी त्या वेगाने फिरू म्हणेल तर पडेल. पण हातात हात गुंतून ठेका एक झाला की दोघी एकमेकींना ओढत वेग वाढवत नेतात. फुगडीला जोर मुलींच्या पायांचा असतो, इथे जोर धावत्या मोटारीचा. घर्षणाचा आकडा एका मर्यादेच्या आत असेल तर हात गुंतत नाहीत. मर्यादा ओलांडली की गुंततात. आणि घर्षण कमी करावे तर गाडी थांबणार कशी? करकचून म्हणायचे आणि करकर नको म्हणायचे, हा पेच तो हाच.

भाचा ही फुगडी कॉम्प्युटरवर मांडतो. ब्रेकचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचे वजन, ताठरपणा, शेजाऱ्याशी संबंध लिहायचे, मध्ये घर्षण घालायचे, आणि यंत्राला विचारायचे की यांतले कोणते सूर वाढत जाणारे आहेत. यंत्र संशयितांची यादी देते. त्या यादीत ज्यांची नावे येतात त्यांतले कित्येक जन्मभर तोंड उघडत नाहीत, आणि एखादा, ज्याचे नाव कुठेच नव्हते, तोच चाचणीच्या पहिल्या दिवशी गळा काढतो. मग बंद खोलीत खरा ब्रेक यंत्रावर चढवून हजारावर वेळा दाबायचा. थंड, गरम, हलका, जड. आणि ७० डेसिबलच्या वर किती वेळा गेला ते मोजायचे. औषधोपचारही गमतीचे आहेत. पॅडच्या कडा तिरक्या तासायच्या, मधोमध खाच पाडायची, पाठीला रबराचा थर दिलेला पातळ पत्रा लावायचा. कोणी असेही सुचवले आहे की डिस्क अगदी बिनचूक गोल सारखी न करता मुद्दाम थोडी विषम करावी, म्हणजे सुरांच्या जोड्याच फुटतात. डिस्कला बीड वापरतात त्याचेही एक कारण हेच. बिडाच्या पोटात काजळीसारखे ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, ते कंप गिळून टाकतात. देवळातली घंटा काशाची असते, बिडाची नसते, हे आपल्याला ठाऊक होते. पण मोटारीचा ब्रेक ही मुद्दाम मुकी केलेली घंटा आहे, हे मला नवीन होते.

पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या संशोधनाची एक मोठी संस्था आहे. १९६६ साली ती स्थापन झाली. तिथेही वाहनांच्या आवाजाच्या आणि कंपनांच्या चाचण्या चालतात. वेताळाच्या टेकडीला हा उद्योग शोभून दिसतो.

हे सगळे मी मोठ्या मौजेने ऐकत असे, कारण त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. तो संबंध गेल्या वर्षी गणपतीत आला.

आमचे वडील, अण्णा, १९७३ साली एस.टी.त ड्रायव्हर म्हणून लागले आणि २००७ साली निवृत्त झाले. त्यांतली बरीचशी वर्षे कराड–चिपळूण. म्हणजे कुंभार्ली घाट. त्या वेळच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, बॉनेटखाली धडधडत असे. अण्णा त्यावर जेवणाचा डबा ठेवीत आणि घाट संपेपर्यंत भाजी ऊन राही. लहानपणी मी त्यांच्या गाडीतून पुष्कळ हिंडलो आहे. “ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं,” हे त्यांचे ब्रीद. ब्रेकवर घाट उतरणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. आणि कान! एकदा भर पावसात, हेळवाक मागे टाकून घाटाला लागण्याआधी, त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला, कंडक्टरला, कोणालाच काही वेगळे ऐकू आले नव्हते. “डाव्या मागच्या चाकाचा सूर बदललाय,” म्हणाले. उतरून पाहिले तर ड्रम हात लावू देईना. पाऊण तास गाडी उभी ठेवली, उतारू कुरकुरले. डेपोत गेल्यावर ड्रम उघडला तेव्हा लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला होता, असे अण्णांनी नंतर सांगितले. “वरडतंय तोवर भ्यायचं न्हाई,” ते म्हणत, “सूर बदलला की भ्यायचं.” विनाअपघात सेवेचा बिल्ला देवघराशेजारच्या फळीवर अजून आहे. त्याच्यापुढे उदबत्ती लावायची तेवढी बाकी आहे.

निवृत्तीनंतर अण्णांनी एक जुनी छोटी मोटार घेतली. शेतावर जायचे, बाजार करायचा, कोणाला दवाखान्यात न्यायचे. पंचाहत्तरी ओलांडली तरी हात स्थिर, नजर चांगली. गणपतीला मी कराडला गेलो त्या दिवशी अण्णा मला आणायला स्टँडवर आले. गाडी फाटकाशी वळली आणि माझ्या अंगावर काटा आला. अशी चिरकी, अखंड किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. रिक्षावाले वळून पाहत होते. मी आत बसलो आणि म्हणालो, “अण्णा, ब्रेक फार वाजताहेत.”

“कसला आवाज?” अण्णा म्हणाले. “उलट हल्लीच्या गाड्यांचे ब्रेक वाजतच न्हाईत. आमच्या वेळी बघायला पायजे होतंस.”

घरी पोचेपर्यंत गाडी पाच-सहा ठिकाणी थांबली आणि पाच-सहा वेळा किंचाळली. शेजारच्या काकूंनी दारातून हसून विचारले, “आले का अण्णा? गाडीवरून कळतंच आम्हाला.” दोन महिने कळत होते म्हणे.

मी भाच्याला फोन लावला आणि फोन ब्रेककडे धरून अण्णांना अंगणातच गाडी पुढेमागे घ्यायला लावली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, ती आमच्या यादीतली किंचाळी नाही. ती मुद्दाम ठेवलेली आहे. आजोबांना आता गाडी चालवू देऊ नका.” पॅडच्या कडेला स्प्रिंगसारखी एक बारीक पोलादी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. सगळे आयुष्य ज्या जातीचा आवाज नाहीसा करण्यात या लोकांचे जाते, त्याच जातीचा हा एक आवाज त्यांनी पहारेकरी म्हणून ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने चाक काढले. पॅड त्याने माझ्या तळहातावर ठेवले. “सर, मालच राहिलेला नाही,” म्हणाला. खरोखर, एका बाजूला तर पोलादी पाठ घासायला लागली होती.

अण्णांनी ते पॅड हातात घेऊन बराच वेळ पाहिले. बोलले काही नाहीत.

कानाच्या डॉक्टरांनी दिलेला आलेख मी घरी आणला, तेव्हा भाचा शेजारी होता. २५० पासून ८००० पर्यंत आकडे आडवे मांडलेले. अण्णांची रेघ २००० पर्यंत सपाट रस्त्याने बरी जाते आणि तिथून पुढे कुंभार्ली घाटासारखी थेट खाली उतरते. वय आहेच, शिवाय चौतीस वर्षे शेजारी धडधडणारे इंजिन. भाच्याने खिशातून पेन काढले आणि त्या उताराखाली एक आडवी रेघ ओढली. “स्क्वील इथे असते, मामा,” तो म्हणाला. “जिथे आजोबा नाहीत तिथे.”

डॉक्टर म्हणाले ते मला एरवीही समजले असते, कारण ते माझ्या विषयातले होते. स्वर खालच्या पट्टीत असतात. व्यंजने, विशेषतः स, श, च, फ ही, वरच्या. अण्णांना स्वर सगळे ऐकू येतात, व्यंजने गळतात. म्हणजे आपण बोलतो हे कळते, काय बोलतो ते नाही. ‘सात वाजता’ म्हटले की ‘आत?’ म्हणून ते आत बघत. आम्ही वर्षभर याला म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणत होतो.

ताईचा पुण्याहून फोन आला : “किल्ली काढून घे.” तिचे म्हणणे बरोबर होते. ज्याला गाडीचा पहारेकरीच ऐकू येत नाही त्याने गाडी चालवू नये, हा तर्क कोणालाही पटेल. पण चौतीस वर्षे घाट उतरलेल्या माणसाच्या हातातून किल्ली घेणे म्हणजे काय, हे ज्याने घेतले त्यालाच माहीत. मी तीन दिवस राहिलो, तीन दिवस किल्ली खुंटीवर होती, आणि तीन दिवस आमच्यापैकी कोणी तिच्याकडे पाहिले नाही. चौथ्या दिवशी अण्णाच म्हणाले, “एक आवाज ऐकू येत न्हाई म्हणून डोळं गेलं न्हाईत माझं.”

दसऱ्याला भाचा आला तो आवाजांची टाचणे घेऊन. त्याने यंत्रावर टिपलेल्या किंचाळ्या चौपट सावकाश करून आजोबांना ऐकवल्या. चार हजारांची पट्टी हजारावर आली. अण्णांचा चेहरा मी पाहत होतो. किती वर्षांनी भेटलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते त्या पेटीकडे पाहत होते. “हां!” म्हणाले, “ह्यो वरडतोय.” मग एकेक ऐकत गेले. हा लहान गाडीचा, हा मोठीचा. एका आवाजाला त्यांनी हात वर केला. “ह्याचा लायनर कडंला टेकतोय, मधी न्हाई.” भाच्याने ते लगेच लिहून घेतले. पुण्याला जाऊन त्याने त्या ब्रेकचे पॅड काढून पाहिले. ते अगदी सारखे झिजले होते. तसे त्याने फोनवर सांगितलेही. अण्णांना ते पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, पोराने दुसरेच पॅड पाहिले असणार.

श्रवणयंत्र आणले. ते लावून अण्णा दोन दिवस हिंडले आणि तिसऱ्या दिवशी काढून ठेवले. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखे वाटते म्हणाले. आता गाडीत बसताना तेवढे लावतात. रात्री गाडी चालवायची नाही, घाटात न्यायची नाही, आणि ब्रेकची तपासणी कानाने नव्हे डोळ्यांनी करायची, अशा अटींवर किल्ली खुंटीवरून खाली आली. ताईला हे अजून मान्य नाही, आणि ती चुकते आहे असे मला म्हणता येत नाही. एस.टी.ची विजेवर चालणारी गाडी २०२२ साली पुणे–अहमदनगर रस्त्यावर सुरू झाली, तेव्हापासून अण्णांच्या मनात तिच्यात एकदा बसायचे आहे. त्या गाड्यांत वेग आवरण्याचे बरेचसे काम मोटरच करते, ब्रेक क्वचित लागतो, असे भाच्याने सांगितले. इंजिनचा गोंगाट नसल्यामुळे उरलेसुरले आवाज मात्र अधिकच ऐकू येतात. “कुणाला?” अण्णांनी विचारले.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आता त्यांच्या अक्षरात नवे आकडे असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गॅरेजमध्ये जातात, चाक काढायला लावतात आणि पट्टीने मोजतात. परवा मी गेलो तेव्हा या महिन्याची नोंद वाचली : ‘डावे ७, उजवे ६. उजव्यावर लक्ष ठेवणे.’